जुन्या सायकलला क्रँक बदलताय? आधी फ्रेमचं भोक मोजा

जुन्या सायकलचा क्रँक, म्हणजे पायडल लागतं तो हात, बदलायचा म्हटलं की बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी एखादा चकचकीत क्रँकसेट डोळ्यात भरतो, तो घेऊन होतो, मग त्याला चालेल असा बीबी, म्हणजे फ्रेममधला ज्यावर क्रँक फिरतो तो भाग, शोधायचा, आणि तो फ्रेममध्ये फिरवायला घेतला की दोन आट्यांवरच अडकतो. मग पाना मोठा घ्या, जोर लावा, आणि फ्रेमचे आटे खलास. सगळी गोष्ट सरळ फिरवली तर हे होत नाही. फ्रेमचं भोक सहज बदलता येत नाही, बाकी सगळं बदलता येतं, म्हणून सुरुवात भोकापासून, मग क्रँक एक्सलला, म्हणजे मधल्या आडव्या दांड्याला, कसा धरतो ते, आणि एक्सलची लांबी सगळ्यात शेवटी.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. सीटचा पाइप, खालचा तिरका पाइप आणि मागच्या चाकाकडे जाणारे दोन पातळ पाइप जिथे एकत्र येतात तिथली ती आडवी जाड नळी, तिला शेल म्हणतात. शेलच्या दोन्ही तोंडांना वाट्या म्हणजे कप बसतात, वाट्यांमध्ये छर्रे, छर्‍यांवर एक्सल, आणि एक्सलच्या दोन टोकांना क्रँक. नव्या काळात वाट्या, छर्रे, एक्सल असं सगळं एकाच बंद डब्यात येतं, त्याला कार्ट्रिज बीबी म्हणतात. काम तेच, फक्त आत हात घालायला जागा नाही.

आता शेलकडे बघा. पहिला प्रश्न, आत आटे आहेत का? शेल गुळगुळीत असेल आणि भोक चांगलं पन्नास-एक मिलीमीटरचं असेल, आणि क्रँक म्हणजे एकच वाकवलेली सळई डावीकडून उजवीकडे आरपार गेलेली असेल, तर तो वन-पीस क्रँक. त्या शेलचं भोक साधारण ५१.३ मिमी असतं. याला नेहमीचा बीबी थेट बसत नाही, पण भोक लहान करून आत बीएसए आटे देणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात, ते घातले की बाकीचा लेख तुम्हालाही लागू. तो क्रँक काढताना एकच लक्षात ठेवा, डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, आणि आधी डावं पायडल काढावं लागतं नाहीतर सळई भोकातून बाहेर यायची नाही.

आटे असतील तर खरा खेळ सुरू होतो, कारण आट्यांचे बरेच प्रकार होऊन गेलेत आणि दिसायला सगळे सारखेच.

सगळ्यात जास्त सापडणारा म्हणजे बीएसए, त्यालाच इंग्लिश किंवा आयएसओ पण म्हणतात. व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे, शेलची रुंदी रोड सायकलला ६८ मिमी आणि एमटीबीला म्हणजे माउंटन बाइकला बहुधा ७३. यात उजवी वाटी उलट्या आट्यांची आणि डावी सरळ आट्यांची. इटालियन म्हणजे ३६ मिमी व्यास, इंचाला २४ आटे, शेल ७० मिमी, आणि दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या. फ्रेंच ३५ मिमी, आटा १ मिमीचा, शेल ६८, दोन्ही बाजू सरळ. स्विस अगदी फ्रेंचसारखंच पण उजवी बाजू उलटी. आणि रॅले या ब्रिटिश कंपनीने आपल्या बर्‍याच जुन्या सायकलींना स्वतःचाच हिशोब ठेवला होता, १ ३/८ इंच व्यास पण इंचाला २६ आटे, शेल ७१ किंवा ७६ मिमी. तुमचं शेल ७१ किंवा ७६ भरलं तर शंका घ्यायला पूर्ण जागा आहे.

आता गंमत बघा. बीएसएच्या वाटीचा बाहेरचा व्यास मिलीमीटरमध्ये ३४.८ येतो, रॅलेचा ३४.९, फ्रेंचचा ३५. म्हणजे साध्या पट्टीने हे तिन्ही एकच, आणि व्हर्निअरने मोजलं तरी झिजलेल्या, रंग लागलेल्या वाटीवर खात्री होणार नाही. फक्त इटालियन ३६ असल्यामुळे वेगळा ओळखू येतो. म्हणून व्यासावर भरवसा ठेवू नका, आट्यावर ठेवा. आट्यांचा गेज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर एक सोपी युक्ती आहे, ज्याची जात पक्की माहीत आहे अशी एक वाटी घ्या, ती तुमच्या वाटीला आट्याला आटा भिडवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत पूर्ण रुतले आणि मधून उजेड दिसत नसेल तर आट्याचं माप एकच. एका टोकाला रुतलेत आणि दुसर्‍या टोकाला एकमेकांच्या डोक्यावर चढलेत तर माप वेगळं. दहा मिलीमीटरमध्ये बीएसएचे साडेनऊच्या आसपास आटे बसतात, फ्रेंचचे दहा, रॅलेचे सव्वादहा, एवढाच फरक आहे, पण उजेडात तो दिसतो. एक लक्षात घ्या, इटालियन आणि बीएसए दोघांचेही इंचाला २४ च, त्यामुळे ते रुततील, पण त्यांना व्यासाने वेगळं करता येतं. आणि त्याच्याही आधी वाटीची बाहेरची बाजू रॉकेलने पुसून नीट वाचा, कितीतरी वाट्यांवर माप कोरलेलंच असतं आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो.

पण वाटी हातात यायला ती आधी सुटायला पाहिजे.

डावी बाजू सोपी. तिला बाहेरून एक खाचांची रिंग असते, लॉकरिंग, ती हुकासारख्या टोकाच्या पान्याने सोडवायची आणि मग वाटी फिरवायची. उजवी वाटी मात्र फिक्स्ड कप, कारखान्यात कसून बसवलेली, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली, आणि पाना धरायला बहुतेकदा फक्त दोन चपट्या कडा, त्याही दोन-तीन मिलीमीटर जाड. तिथून पाना निसटला की पाना जातो एकीकडे आणि बोटांची सालं जातात चेनव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या दातेरी चाकावर. दिशा लक्षात ठेवायची एक पद्धत सांगतो, बीएसए फ्रेमवर पान्याचा दांडा वर उभा धरला आणि पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूच्या वाट्या सुटतात, मागे ओढला की दोन्ही कसल्या जातात. डावं-उजवं, घड्याळ-बिड्याळ काही आठवायला नको. पायडलचं याच्या बरोबर उलट, तिथे दांडा वर धरून मागच्या चाकाकडे नेला की दोन्ही पायडलं सुटतात. इटालियन किंवा फ्रेंच फ्रेम असेल तर उजव्या वाटीचा हा नियम फिरतो, तिथे दांडा मागे न्यायचा. म्हणूनच आटे कुठले ते कळायच्या आधी मोठा पाइप लावून जोर करू नका, तुम्ही सोडवताय असं समजून कसत बसाल.

अजिबात हलत नसेल तर जाड बोल्टची युक्ती. वाटीच्या भोकातून जाईल असा जाड बोल्ट बाहेरून घाला, डोक्याखाली एक जाड वॉशर, आतून दुसरा वॉशर आणि नट, म्हणजे वाटी दोन वॉशरच्या मध्ये चिमटीत सापडते. आता नट आतून पकडून बोल्ट बाहेरून कसत जा, एक वेळ अशी येते की बोल्ट आणखी कसला जात नाही, मग नट सोडून द्या आणि बोल्ट त्याच दिशेने फिरवत राहा, वाटी बोल्टाबरोबर फिरायला लागते. बीएसएची उजवी वाटी घड्याळाच्याच दिशेने सुटते आणि बोल्टही त्याच दिशेने कसला जातो, त्यामुळे सगळा जोर कामी येतो. इटालियन-फ्रेंचला बोल्टचं डोकं आत ठेवून शेलमधून लांब सॉकेट घालून तेच करावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं तर निम्मं काम झोपेत होतं.

कुणी विचारेल की उजव्या वाटीला मुळात उलटे आटे का? पायडल मारताना छर्‍यांवरचा भार एकाच जागी राहत नाही, तो फिरतो, आणि जराशी सैल वाटी त्या भाराखाली शेलच्या आट्यांत किंचित किंचित लोळत जाते. लोळताना ती एक्सलच्या उलट दिशेला सरकते. आटे अशा बाजूने काढलेत की हे सरकणं कसण्याच्या दिशेने जावं. डाव्या पायडलला उलटे आटे असतात त्याचंही कारण तेच. इटालियन फ्रेमची उजवी वाटी सैल होते अशी तक्रार पूर्वीपासून आहे ती यामुळेच, आणि तिथे ती भरपूर जोराने कसणे, वर आटे धरून ठेवणारं थोडं केमिकल लावणे एवढंच करता येतं.

आटे विचित्र निघाले तर काय? घाबरायचं काही नाही. जुनी वाटी चांगली असेल तर तीच ठेवा. खराब असेल तर तीन वाटा. एक, त्याच आट्यांचं कार्ट्रिज, फिल वूडसारखे बनवणारे कार्ट्रिज एकच ठेवून बाजूच्या रिंगा वेगवेगळ्या आट्यांच्या देतात. दोन, आट्यांशिवायचं बीबी, जे आतून फुगून किंवा दोन्ही बाजूंनी चिमटून शेलमध्ये बसतं, हे आटे पूर्ण गेलेल्या फ्रेमलाही चालतं. तीन, फ्रेमला नवे आटे पाडून घेणे, बीएसए किंवा फ्रेंच शेल खराब झाला तर तो मोठा करून इटालियन करता येतो कारण इटालियन व्यास सगळ्यात मोठा आहे, पण हे एकदाच जमतं, त्यानंतर खरवडायला धातू उरत नाही. मला विचाराल तर चांगल्या फ्रेमवर तिसरी वाट सगळ्यात शेवटी.

भोक झालं. आता क्रँक एक्सलला कसा धरतो ते.

जुन्या स्टीलच्या सायकलींवर कॉटर पिन. एक्सल गोल, साधारण १६ मिमी जाड, त्याला टोकाजवळ एक सपाट खाच, क्रँकला आडवं भोक, आणि त्या भोकातून एक पिन जाते जिची एक बाजू तिरपी घासलेली असते. ती तिरपी बाजू एक्सलच्या खाचेवर घट्ट बसते. ही पाचर आहे, नट नाही. नट फक्त पिन मागे सरकू नये म्हणून असतो, पण लोक पिन ठोकण्याऐवजी नट कसून पिन ओढून घ्यायला बघतात, आटे तुटतात आणि पिन तरीही ढिली ती ढिलीच. पिनचा व्यास बहुतेक ९.५ मिमी किंवा ९ मिमी असतो, अर्ध्या मिलीमीटरचा फरक म्हणून चालवून घेऊ नका, ९ ची पिन साडेनऊच्या भोकात चार दिवस राहते आणि मग क्रँकचं भोक अंडाकृती करून ठेवते. तिरप्या बाजूचा उतारही सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे जुनी पिन सोबत ठेवून नवी निवडायची.

काढताना नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाबरोबर येईल इतकाच मागे घ्या म्हणजे हातोडी आट्यांवर पडणार नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं, क्रँकच्या खाली आधार द्या. पिनच्या डोक्याच्या बाजूला, क्रँकला टेकेल आणि पिन आत शिरेल असा एक लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा करा, सायकलचं वजन त्याच्यावर येऊ द्या आणि मग एकच दणका, टकटक दहा वेळा नाही. आधार नसला की तो दणका पिनला न लागता एक्सलमधून छर्‍यांना लागतो, आणि छर्रे वाटीत खड्डे पाडतात, मग क्रँक फिरवला की हाताला कडकड जाणवते ती कायमची. बसवताना पण तसाच आधार.

आणखी एक, दोन्ही पिना उलट सुलट जातात. क्रँक आडवे धरले तर एका बाजूच्या पिनचं डोकं वर आणि दुसर्‍या बाजूचं खाली पाहिजे. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत, पायडल मारताना एक पाय नेहमी जरा पुढे पळाल्यासारखा वाटतो आणि कुणाला कळत नाही का. पिन जास्त आत जात नसेल तर तिरपी बाजू कानशीने सपाट घासायची, दोन्ही पिना सारख्याच घासायच्या, आणि घासताना पृष्ठभाग गोल होऊ द्यायचा नाही, तो खाचेवर पूर्ण टेकला पाहिजे.

कॉटरवाली सायकल आहे म्हणून कायम कॉटरच, असं काही नाही. शेल बीएसए असेल तर जुन्या वाट्या आणि एक्सल काढून सरळ स्क्वेअर टेपरचं कार्ट्रिज जातं आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक बसतो, सायकल चांगलीच हलकी होते.

स्क्वेअर टेपर म्हणजे एक्सलचं टोक चौकोनी आणि प्रत्येक बाजू सुमारे दोन अंशांनी उतरती. क्रँकचं भोकही तसंच चौकोनी, बोल्ट कसला की क्रँक उतारावर चढत जातो आणि घट्ट होतो. अनेक वर्षं जगभर हेच चाललं आणि जुन्या फ्रेमसाठी मला अजूनही हेच सगळ्यात बरं वाटतं. पण यात एक छुपी अडचण आहे, चौकोन दोन मापांचे आहेत, जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आट्यांच्या आयएसओ नावाशी याची गल्लत करू नका). शिमानो आणि बहुतेक जपानी-आशियाई माल जेआयएस, काम्पाग्नोलो आयएसओ. उतार तोच, पण आयएसओचं टोक जरा बारीक. त्यामुळे आयएसओ क्रँक जेआयएस एक्सलवर पूर्ण चढत नाही, साधारण साडेचार मिलीमीटर बाहेरच थांबतो, आणि जेआयएस क्रँक आयएसओ एक्सलवर तितकाच जास्त आत जातो.

हे डोळ्याने कसं ओळखायचं? क्रँक कसून बसवा, बोल्ट काढा आणि बोल्टच्या भोकात बॅटरी मारून बघा. एक्सलचं टोक बोल्टचं वॉशर जिथे टेकतं त्या पायरीच्या थोडं आत, दोन-एक मिलीमीटर आत असायला पाहिजे. ते पायरीच्या बरोबरीला आलं असेल किंवा बाहेर डोकावत असेल तर धोका, कारण आता बोल्ट क्रँकला दाबत नाहीये, एक्सलच्या टोकाला दाबतोय. टॉर्क रेंच छान क्लिक करेल, बोल्ट कडक लागेल, आणि क्रँक मात्र आतून ढिला. थोड्या अंतरातच टकटक सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होत जातं. एकदा गोल झालेलं भोक कशानेही परत चौकोनी होत नाही, पत्र्याचे तुकडे भरून बघणारे भेटतात, ते उपाय आठवडाभराचे. जुना वापरलेला क्रँक घेताना म्हणूनच आधी ते भोक बघा, चारही कोपरे तीक्ष्ण आणि बाजू सपाट आहेत ना. चकाकी नंतर.

त्यानंतरचे प्रकार थोडक्यात. ऑक्टालिंक आणि आयसिस म्हणजे जाड पोकळ एक्सल आणि त्यावर खाचा, एकाला आठ, दुसर्‍याला दहा, एकमेकांत चालत नाहीत, आणि ऑक्टालिंकमध्येही परत दोन उपप्रकार. जुन्या फ्रेमवर मुद्दाम घालण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. शिमानोच्या हॉलोटेक टू सारख्या प्रकारात २४ मिमीचा एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो आणि बेअरिंग शेलच्या बाहेर. हे मात्र बीएसएच्या ६८ शेलवर मजेत बसतं, एमटीबीचा क्रँक असेल तर ६८ च्या शेलला २.५ मिमीच्या चकत्या घालून रुंदी भरून काढतात. अट एवढीच की शेलची दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर आणि स्वच्छ पाहिजेत. जुन्या फ्रेमवर रंगाचे थर आणि वेल्डिंगचे थेंब असतात, त्यावर बेअरिंग तिरकं बसतं आणि लवकर मरतं, तर आधी तोंडं तासून घ्या.

आता लांबी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि खरं तर हा नुसता बेरीज-वजाबाकीचा मामला आहे.

आपल्याला हवंय काय तर पुढची चेनव्हील आणि मागची दातेरी चकती एका रेषेत. सायकलच्या मध्यापासून चेनव्हीलपर्यंतचं अंतर म्हणजे चेनलाइन. रोडच्या दोन चेनव्हीलवाल्या क्रँकला ती साधारण ४३.५ मिमी धरतात, तीन चेनव्हीलच्या एमटीबीला ४७.५ ते ५०, ट्रॅकच्या सायकलला ४२. दोन चेनव्हील असतील तर दोघींच्या मधोमध, तीन असतील तर मधलीपर्यंत मोजायचं.

मागची बाजू आधी मोजा. मागचं चाक जिथे बसतं त्या दोन पट्ट्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर घ्या, जुन्या पाच गिअरच्या सायकलला बहुधा १२०, सहा-सातला १२६, नंतरच्या रोडला १३०, एमटीबीला १३५. समजा १२६ आलं, निम्मे ६३. आता उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून गिअरच्या चकत्यांच्या मध्यापर्यंत किती, समजा २१. तर ६३ वजा २१, मागची चेनलाइन ४२. पुढची मोजताना सीटच्या पाइपच्या बाजूपासून चेनव्हीलपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात पाइपचा निम्मा व्यास मिळवा, पाइप २८.६ चा असेल तर १४.३.

समजा आत्ता ११८ चा एक्सल आहे आणि पुढची चेनलाइन ४७.५ येतेय, आपल्याला ४३.५ पाहिजे. चार मिलीमीटर आत आणायचंय. कार्ट्रिजचा एक्सल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा असतो म्हणून एकूण लांबी दुप्पट कमी करायची, आठ, म्हणजे ११० चा एक्सल. झालं. बाजारात १०७, ११०, ११३, ११५, ११८, १२२.५, १२७.५ अशा लांब्या येतात, जवळची घ्यायची, एक-दोन मिलीमीटरचा फरक चेनला कळत नाही. हाच हिशोब जेआयएस-आयएसओच्या घोळालाही लागतो, आयएसओ क्रँक जेआयएस एक्सलवर प्रत्येक बाजूला साडेचार बाहेर राहणार असेल तर एक्सल नऊने आखूड घ्या. लोक चालवतात असं, पण पकड कमी जागेवर होते, माझ्या मते नाइलाज असेल तरच.

फक्त आत आणताना फ्रेमला विसरू नका. सगळ्यात लहान चेनव्हील, तिचे बोल्ट आणि क्रँकचा हात, तिघांपैकी कुणीही मागच्या पाइपला लागता कामा नये. आणि फ्रेम जोर लावल्यावर लवते, त्यामुळे स्टँडवर एक मिलीमीटर फट दिसली म्हणून खूश होऊ नका, चढावर उभं राहून पायडल मारलं की ती फट राहत नाही. दोन-तीन मिलीमीटर तरी पाहिजेत.

जुना खुला एक्सल आणि वाट्या ठेवायच्या असतील तर लांबीचा प्रश्न आणखी किचकट, कारण तिथे नुसती एकूण लांबी पुरत नाही. एक्सलवर छर्रे जिथे फिरतात त्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शेलच्या रुंदीशी आणि वाटीच्या जाडीशी जुळायला लागतं, आणि उजवं टोक डाव्यापेक्षा लांब असू शकतं. ७० च्या इटालियन शेलचा एक्सल ६८ मध्ये घातला तर डावी वाटी पुरेशी आत जाणार नाही. म्हणून दुसर्‍या सायकलचा एक्सल उचलून घालायचा असेल तर तिन्ही मापं घ्या, डावं टोक, मधलं, उजवं.

आणि खरं सांगू का, कितीतरी वेळा बदलायची गरजच नसते. वाटी आणि एक्सलवरचा फिरण्याचा पट्टा पुसून बघा, नुसता चमकदार असेल, खड्डे नसतील, तर पाव इंची छर्रे नवे टाका, एका बाजूला अकरा, भरपूर ग्रीस, आणि जुळवून घ्या. पिंजर्‍यातल्या नऊ छर्‍यांपेक्षा सुटे अकरा बरे, भार जास्त ठिकाणी वाटला जातो. जुळवताना डावी वाटी आत घेत जा, एक्सल हलवून बघत राहा, खेळ संपला आणि तरी फिरताना अडखळत नाही तो क्षण पकडायचा आणि तिथे लॉकरिंग कसायची. लॉकरिंग कसताना वाटी थोडी फिरते, त्यामुळे दोन-तीनदा करावं लागतं, वैतागू नका.

क्रँक घेतानाची काही बारीक मापं राहिली. चेनव्हील बदलायची असेल तर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, बीसीडी. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा, ७६.४ आलं तर १३०, ६४.७ आलं तर ११०, ८४.६ आलं तर जुना काम्पाग्नोलोचा १४४. चार बोल्ट सारख्या अंतरावर असतील तर १.४१ ने गुणायचं. याला महत्त्व यासाठी की १४४ वर ४१ दातांपेक्षा लहान चेनव्हील बसत नाही, १३० वर ३८ पेक्षा नाही, ११० वर मात्र ३४ सहज, म्हणजे चढावाच्या रस्त्याला ११० बरा. पायडलचे आटे बहुतेक ९/१६ इंची, पण जुने फ्रेंच १४ मिमीचे असतात, ते जरासे लहान, नेहमीचं पायडल दोन आटे जाऊन अडतं. तो क्रँक ९/१६ ला परत आटे पाडून घेता येतो. वन-पीसची पायडलं अर्ध्या इंचाची.

क्रँक ओढायचा पुलर २२ मिमीचा लागतो, काही जुन्या फ्रेंच क्रँकना २३ किंवा त्याहून किंचित मोठा, तेव्हा आत जातोय पण डुलतोय असं वाटलं तर थांबा. आणि बोल्ट काढला तरी त्याखालचं वॉशर आतच चिकटून राहतं, ते काढल्याशिवाय पुलर लावला तर पुलर वॉशरवर जोर लावतो आणि क्रँकचे आटे उपटून बाहेर येतो. मग क्रँक एक्सलवर कायमचा.

बसवताना शेलचे आटे ब्रशने साफ, दोन्ही बाजूंना ग्रीस, आणि वाटी पहिले तीन-चार आटे हातानेच. हाताने जात नाही म्हणजे तिरकी आहे किंवा चुकीची आहे, पान्याचा प्रश्नच येत नाही. कसण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, कार्ट्रिज शिमानोचं असेल तर ५० ते ७० न्यूटन-मीटर, स्क्वेअर टेपर क्रँकचा बोल्ट साधारण ३५ ते ५०, हॉलोटेकच्या डाव्या क्रँकचे दोन छोटे बोल्ट १२ ते १४. टेपरवर ग्रीस लावावं की कोरडं ठेवावं यावर जुने मेकॅनिक अजूनही भांडतात, मी बोटाने पुसल्याइतकंच लावतो, बोल्टच्या आट्यांना मात्र नक्की.

पहिल्या थोड्या फेर्‍यांनंतर बोल्ट एकदा त्याच टॉर्कवर तपासा, विशेषतः डावा, तो जास्त वेळा ढिला सापडतो. पण दर रविवारी चावी घेऊन बसू नका. प्रत्येक वेळी थोडं थोडं कसत गेलं की क्रँक उतारावर चढत चढत आत सरकतो, चेनलाइन बदलते, आणि शेवटी चौकोनाच्या कोपर्‍यातून बारीक चीर जाते. कटकट येत असेल तर बोल्टवर राग काढायच्या आधी पायडल काढून त्याचे आटे ग्रीस करा, चेनव्हीलचे बोल्ट बघा, सीटपोस्ट पुसून परत घाला, बीबीवर आरोप होतात त्यातल्या बर्‍याच कटकटी तिथून निघतात.